जावई आणि गाढव: बातमी खरीच आहे

कुणीतरी म्हटलंय, जावयाला गाढवावर बसवून गावभर मिरवतात ही बातमी बनावट वाटते. नाही हो, खरी आहे. बीड जिल्ह्यात केज तालुक्यातलं विडा गाव. ऐंशीपेक्षा जास्त वर्षं धुळवडीला तिथं हे चालतं. गळ्यात चपलांचा हार, अंगभर रंग, वाजतगाजत मिरवणूक आणि शेवटी कपड्यांचा आहेर. खरी गंमत आधीच्या दोन-चार दिवसांत असते. जावई पसार होतात आणि गावातली पोरं त्यांच्या मागावर! आमच्या एका मित्राची सासुरवाडी त्याच भागातली. होळी जवळ आली की गड्याचा फोन बंद, आणि बायकोला म्हणतो, तू जा, मला रजा नाही.

बीडच्याच माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावच्या माकडांची बातमी मात्र जरा जपून घ्या. डिसेंबर २०२१ मध्ये माकडं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडावर, माळवदावर नेत होती, वन विभागानं दोन पकडली, इथपर्यंत ठीक. पण अडीचशे पिल्लं मारली म्हणे! एवढी पिल्लं त्या एका गावात मोजली कुणी?