मदत हवी आहे : ‘कीलहॉर्न’ या जर्मन आडनावाची फोड

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८६६ ते १८८१ संस्कृत शिकवणाऱ्या फ्रान्ट्स कीलहॉर्न यांच्यावर टिपण करतेय, अडलंय आडनावावर. जन्म १८४०, ओस्नाब्रुक. म्हणजे लो जर्मनचा, उत्तर जर्मनीतल्या बोलीचा मुलूख. म्हणून ‘कील’चा प्रमाण जर्मनमधला ‘जहाजाचा कणा’ हा अर्थ मला पटत नाही. लो जर्मनमध्ये हा शब्द पाचरीसाठीही येतो आणि ‘हॉर्न’ म्हणजे शिंग तसंच जमिनीचा पुढे आलेला कोपरा. पाचरीसारखा शेताचा तुकडा, त्यावरून तिथल्या घराण्याचं नाव, असं जुळतं खरं. पण जुळतं म्हणून छापता येत नाही. कील शहरावरून आलं असेल, हे उत्तर कृपया नको. त्यात ‘हॉर्न’ लोंबकळतच राहतं.

आडनाव कुठे किती पसरलंय यासाठी माइन्झचा डिजिटल आडनावकोश माहीत आहे. तो २००५ च्या लँडलाइन जोडण्या मोजतो, माणसं नाही. शिवाय आजचा पत्ता म्हणजे उगम नव्हे. कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीतली चर्चची नोंदवही अडखळत का होईना वाचता येते.

तर ओस्नाब्रुकच्या आसपास, किंवा लोअर सॅक्सनीत कुठेही, शेताचं वा वाडीचं ‘कीलहॉर्न’ हे नाव १८०० पूर्वीच्या कुठल्या नोंदीत कुणी पाहिलंय का, आणि तिथं स्पेलिंग काय आहे?