पासवर्ड बदलला, तरी हे दोन टॅब बघाच

नवी पेठेतल्या नेट कॅफेत जीमेल उघडं राहिलं, मग पासवर्ड बदलला. एवढं पुरे का, असं एकानं विचारलंय. पुरे नाही, दादा. पासवर्ड बदलल्यावर बहुतेक ठिकाणचं लॉगिन तुटतं. पण कुणी मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर वळवून ठेवले असतील, तर ते जातच राहतात. संगणकावरून जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'फॉरवर्डिंग' (मेल वळवणं) आणि 'फिल्टर्स' (मेलवर आपोआप चालणारे नियम) हे दोन्ही टॅब उघडा. मोबाइल अ‍ॅपमध्ये ते दिसत नाहीत. बँकेचे मेल वळवून लगेच डिलीट करणारा एखादा फिल्टर असला, तर इनबॉक्समध्ये काहीच कळत नाही. खरा धोका हाच आहे.

मग रिकव्हरी नंबर, म्हणजे खातं परत मिळवायला दिलेला मोबाइल नंबर बघा. बंद केलेल्या सिमचा नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो, आणि खातं उघडायला येणारा तुमचा कोड त्याच्याकडे जातो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खात्याला पुण्यातल्या मुलाचा नंबर असेल, तर अडचणीच्या वेळी कोड तिकडे जातो, हेही लक्षात ठेवा.

टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय) चालू करून, फोन हाताशी नसताना लॉगिनला चालणारे १० बॅकअप कोड कागदावर काढा. प्रत्येक कोड एकदाच चालतो. त्यांचा फोटो मोबाइलमध्ये नको. मोबाइल हरवला की तोही गेला.