शब्दचर्चा : ईएमएमसी म्हणजे रॅम की मेमरी?

शेवभाजी : मोबाइलवाल्याकडे फोन टाकला होता, तो म्हणतो "ईएमएमसी उडालीय, आयसी बदलावी लागेल". ही ईएमएमसी म्हणजे रॅम का मेमरी? आणि ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक का? मराठीत काही शब्द आहे का ह्याला?

हरकाम्या : ई म्हणजे एम्बेडेड. एमएमसी म्हणजे मल्टिमीडिया कार्ड, 1997 ला सॅनडिस्क आणि सीमेन्सने काढलेलं, नंतरचं एसडी कार्ड त्याच्यावरूनच आलं. तेच कार्ड बाहेर काढता येणार नाही असं बोर्डावर सोल्डर केलं की ईएमएमसी. आत फ्लॅश (वीज गेली तरी डेटा धरून ठेवणारी चिप) आणि तिचा कंट्रोलर (ती चालवणारा भाग) एकाच पॅकेजमधे असतात. रॅमशी (चालू कामापुरती तात्पुरती जागा, फोन बंद केला की रिकामी) संबंध नाही, फोटो, व्हॉट्सॅप आणि खुद्द अँड्रॉइड ह्यातच राहतं.

गोमू : एम्बेडेडला 'अंतःस्थापित' आहे की!

हरकाम्या : आहे, पण दुकानात जाऊन म्हणून बघा :) आपल्याकडे गोंधळ 'मेमरी' ह्या शब्दाने केलाय. मेमरी फुल झाली म्हणजे स्टोरेज, मेमरी कार्ड म्हणजे पण स्टोरेज, आणि इंजिनियरिंगला मेमरी म्हटलं की पोरं रॅम समजतात. मी तरी स्टोरेज आणि रॅम एवढेच दोन शब्द वापरतो.

ढब्बू : मग यूएफएस काय? नव्या फोनच्या जाहिरातीत असतं.

हरकाम्या : युनिव्हर्सल फ्लॅश स्टोरेज. आतली फ्लॅश तीच, नँड प्रकारची, फरक प्रोसेसरशी बोलायच्या पद्धतीत. ईएमएमसी म्हणजे वॉकीटॉकी, आठ डेटा लाइन असल्या तरी एका वेळी एकतर वाचणार नाहीतर लिहिणार, आणि 5.1 ह्या आवृत्तीला सुद्धा कागदावर सेकंदाला 400 एमबीच्या वर जात नाही. यूएफएसमधे येण्याजाण्याच्या वायरी वेगळ्या त्यामुळे दोन्ही एकदम चालतं, यूएफएस 4.0 मधे एका लेनला (डेटाच्या एका मार्गाला) सेकंदाला 23.2 गिगाबिट आणि अशा दोन लेन. गंमत म्हणजे कमांड मात्र स्कझीच्या, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या सर्व्हरवाल्या हार्डडिस्कच्या! दोन्ही स्टँडर्ड जेडेकचीच (चिपची मानकं ठरवणारी संस्था). फोनमधे यूएफएस खरं आलं ते 2015 च्या गॅलेक्सी एस6 पासून. स्वस्त टॅब, टीव्ही, सेटटॉप बॉक्स ह्यात अजून ईएमएमसी बक्कळ असते.

गोमू : इंटरफेसला आंतरपृष्ठ म्हणतात.

ढब्बू : ते तेल आणि पाण्यामधलं ओ, इथे इंटरफेसच राहूद्या.

शेवभाजी : बरं पण ती 'उडाली' म्हणजे नक्की काय? शॉर्ट झाली का? फोन पडला वगैरे नव्हता, चार्जिंग पण साधंच.

हरकाम्या : 'उडाली' मधे सगळंच येतं, पण बऱ्याचदा खरा शब्द 'झिजली' असा हवा. फ्लॅशचा प्रत्येक ब्लॉक ठराविक वेळाच पुसून लिहिता येतो, मग तो बाद. कंट्रोलर लिखाण सगळ्या ब्लॉकवर सारखं फिरवत राहतो, पण फोन कायम गळ्यापर्यंत भरलेला ठेवला तर त्याला फिरवायला जागाच उरत नाही. टेस्लाला 2021 मधे अमेरिकेत मॉडेल एस आणि एक्स मिळून जवळपास 1 लाख 35 हजार गाड्या परत बोलवायला लागल्या त्या ह्याच्यापायी. 8 जीबीच्या ईएमएमसीवर दिवसरात्र लॉग (गाडीच्या कामाच्या नोंदी) लिहून लिहून ती झिजली, मधला स्क्रीन बंद, आणि रिव्हर्स घेताना कॅमेरा दिसेना.

शेवभाजी : अरे देवा, माझ्या फोनवर 200 एमबी शिल्लक होते वर्षभर. आयसी बदलली की फोटो येतात का परत?

हरकाम्या : नवी आयसी कोरी असते. आधी जुनीतून डेटा निघतो का ते विचारा, मगच बदलायला हो म्हणा.