मदत हवी आहे: बाटलीत गाळाचे थर बसत नाहीत, शनिवारी प्रदर्शन

गोदाकाठ:
रात्री बाटली हलवून ठेवली. सकाळी वाळू तळाशी आणि वर अजून चहासारखं पाणी. नदी, तळं, समुद्र, वाळवंट, सगळीकडचे गाळाचे खडक या एकाच बाटलीत दाखवायचेत. काय चुकतंय?

काळाकातळ:
माती कुठली, किती? पाणी नळाचं की आरओचं?

गाळमित्र:
काळी असणार. एक वीत खाली यायला ०.१ मिमी वाळूला अर्धं मिनिट पुरतं, ०.००२ मिमी चिकणकणाला १५ तासांहून जास्त, त्याहून बारीक कणांना कित्येक दिवस. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत, त्यामुळे कण एकमेकांना चिकटतच नाहीत. लिटरला चमचाभर मीठ घाला, पण लगेच नको. आधी घातलंत तर गुठळ्या होतात, त्यांत पोयटाही (वाळूहून बारीक, चिकणकणांहून जाड गाळ) अडकतो आणि थर वेगळे दिसत नाहीत. २ तास थांबा, मग विरघळवलेलं मीठ कडेने थेंबथेंब सोडा. नदीचा गाळ खाडीत शिरला की हेच घडतं.

वाळूघड्याळ:
मिठाचा नाद नको हो. बाटली म्हणजे फक्त तळं! वाळवंटासाठी ट्रेमध्ये कोरडी वाळू घ्या, केस वाळवायच्या यंत्राने एकाच बाजूने वारा द्या. आडोशाच्या बाजूला वाळू ३२-३४ अंशांच्या उतारावर घसरते. वालुकाश्मातले तिरके थर असेच होतात.

गाळमित्र:
ट्रे मान्य. पण समुद्र कसा दाखवणार? चुनखडक शिंपल्या-प्रवाळांचा, तो ढवळून बनत नाही. खाजण (किनाऱ्यालगतचं उथळ खारं पाणी) मात्र जमेल: समुद्राचं पाणी आटताना आधी जिप्सम, मग मीठ.

त्र्यंबकवारा:
आपल्या नाशिकच्या पांडवलेणीचा दगड ठेवला तर?

काळाकातळ:
नको, तो बसाल्ट, लाव्हाचा, गाळाचा नव्हे. त्याच्या पोकळीतलं कॅल्साइट (चुनखडकातलंच खनिज) आम्लाने फसफसतं, त्यावरून लोक चुनखडक समजतात. इथला नमुना हवा तर गंगापूरजवळ गोदेच्या काठाला चुन्याने सांधलेले गोटे आहेत. व्हिनेगर गोट्यावर नको, मधल्या पांढऱ्या भागावर टाका. गोटे गोल, म्हणून पिंडाश्म. टोकदार असते तर समजायचं, पाण्याने फार लांब आणलेलेच नाहीत.

वाळूघड्याळ:
तो पुरता खडक कुठे, हाताने सुटतो.

काळाकातळ:
सांधला गेला की खडक. सगळीकडे सुटत नाही.

गोदाकाठ:
मळ्यातली काळी माती, न चाळता अर्धी बाटली. आरओचंच पाणी.

गाळमित्र:
फार झाली, फुगते ती. चौथा हिस्सा वाळू, दोन चमचे माती, बाकी नळाचं पाणी. आज रात्रीच लावा. शनिवारी नेताना बाटली आडवी करू नका.