निम्मी क्षमता कोळशाशिवायची, मग वीज अजून कोळशावरच कशी?

ठाणेकर_७७:
मंडळी जरा समजावून सांगा. जून २०२५ मध्ये देशाची निम्मी वीजक्षमता कोळसा-गॅस सोडून इतर स्रोतांची झाली, २०३० चं टार्गेट पाच वर्षं आधीच गाठलं अशी बातमी होती, ४८५ पैकी २४३ गिगावॅट. वाचून खरंच बरं वाटलं. पण मग तयार होणाऱ्या विजेत अजून ७० टक्क्यांच्या आसपास कोळसाच आहे असंही वाचतो. दोन्ही खरं कसं?

बॉयलरवाला:
दोन्ही खरंय. क्षमता म्हणजे प्लांट जास्तीत जास्त किती देऊ शकतो, आणि युनिट म्हणजे प्रत्यक्षात किती दिलं. १ मेगावॅट सोलर दिवसाला सरासरी साडेचार-पाच हजार युनिट देतो, पावसाळ्यात अजून कमी. कोळशाचा १ मेगावॅट ७० टक्के लोडने चालला तरी १६-१७ हजार. म्हणजे कोळशाच्या एका मेगावॅटला सोलरचे साडेतीन लागतात. शिवाय त्या २४३ मध्ये मोठी धरणं ४९ आणि अणुवीज जवळपास ९ गिगावॅट धरलीये, त्यातलं बरंच जुनं आहे, तारापूर तर १९६९ चं.

पण खरा पेच वेळेचा आहे. ३० मे २०२४ ला मागणी २५० गिगावॅटला टेकली ती दुपारी, तेव्हा सोलरने हात दिला. संध्याकाळी सात-आठला ऊन नाही आणि घरोघरी लाइट, एसी सगळं चालू, त्यातला बराचसा भार कोळशावर. बरं कोळशाचा प्लांट दुपारी बंद करून संध्याकाळी चालू करू म्हटलं तर जमत नाही, बॉयलर थंड झाला की परत ग्रिडवर यायला कित्येक तास जातात, म्हणून गरज नसली तरी क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत उतरवून चालूच ठेवतात. तिकडे राजस्थानात वीज बाहेर न्यायच्या लाइनी अपुऱ्या म्हणून भर उन्हात सोलर प्लांटला उत्पादन कमी करायला सांगतात. मला विचाराल तर नुसते मेगावॅट वाढल्याच्या बातम्यांपेक्षा विजेची साठवण किती वाढली ते बघा.

ठाणेकर_७७:
मग संध्याकाळी कोयना चालवा की, १९६० मेगावॅट आहे ना?

घाटवाट:
चालवतातच, पण पाणी मोजून मिळतं दादा. राज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने ते विजेसाठी पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी ठरवून दिलंय. त्यापेक्षा आमच्या अकोले तालुक्यातलं घाटघर बघा, १२५ मेगावॅटची दोन मशीन. वरच्या धरणाचं पाणी कड्याखाली कोकणाच्या अंगाला सोडलं की वीज, आणि वीज उरली की तीच मशीन उलटी फिरवून पाणी परत वर, तेच पाणी खालीवर फिरत राहतं. पाच युनिट खर्चले तर चारच्या आसपास परत मिळतात, पण हव्या त्या वेळी मिळतात. दुपारच्या सोलरला हे फिट्ट बसतं. फक्त आता सह्याद्रीत असे बरेच प्रकल्प येऊ घातलेत, तिथल्या जंगलाचं आणि वाड्यांचं काय ते आधी ठरवा, हे मी कळकळीने सांगतोय.

मळेकरी:
साठवणीचं बोलताय पण शेतीपंपाचं कुणी बोललं नाही. आमच्याकडे थ्री फेज लाइट आठवडाभर रात्री यायची, मग हातात टॉर्च घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जायचं, उसात बिबट्या, बांधावर साप, घरचे जागे. सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच सोलर प्लांट टाकून तिथल्याच सबस्टेशनला जोडतात आणि शेतीचा फिडर, म्हणजे पंपांना वीज देणारी लाइन, दिवसा चालतो. आमच्या शेजारच्या गावात झालंय, तिथली माणसं आता सकाळी नऊला मोटर चालू करून दुपारपर्यंत भरणं उरकतात. वीज साठवायला नको, पाणीच शेततळ्यात साठतं. राज्यात लाखो पंप आहेत, एवढी मागणी रात्रीची दुपारी आणली तर कोळसा तेवढा कमी जळेल की नाही सांगा. एकच, दिवसा लाइट मिळाली म्हणून बोअर दिवसभर चालू ठेवू नका, ठिबक लावा, नाहीतर वीज असेल आणि बोअरला पाणी नसेल.

बॉयलरवाला:
मळेकरी भाऊ, जळेल ना कमी. दुपारी शेतीने सोलर उचललं तर प्लांटला उत्पादन कमी करा म्हणायची वेळ पण कमी येईल. तुमचा फिडर कधी जोडणार, काही तारीख दिलीये का?