'मिरवणे' आणि सेल्फी: शब्द नेमका कुठे लागू होतो?

विचारणा (परभणी)

भाची तुळजापूरला जाऊन आली आणि मंदिराबाहेरची सेल्फी तिनं स्टेटसला ठेवली. आमची आई तिला म्हणाली, "देवीला गेलतीस का मिरवायला?" तेव्हापासून पोरगी फुगून बसली आहे. तिचं म्हणणं, आठवण म्हणून ठेवली, यात मिरवणं कुठं आलं? 'मिरवणे' इतका टोचणारा शब्द आहे का? आणि स्वतःचा फोटो स्वतः काढून चारचौघांना दाखवणं, यासाठी आपल्याकडं दुसरं नेमकं क्रियापद कोणतं? 'स्वप्रतिमा', 'स्वछायाचित्र' सुचवू नका, ते वर्तमानपत्रात छापतात, बोलत कुणी नाही. जाता जाता, सेल्फी 'काढला' का 'काढली', तेही सांगा.

लातूर

शेवटचं आधी. 'फोटो' डोक्यात असला की काढला, शब्दाच्या शेवटच्या ईकाराकडं कान गेला की काढली. आमच्याकडं दोन्ही चालतं. पोरं तर 'हाणला' म्हणतात.

आता मिरवणे. शब्द मुळात वाईट नाही हो. परण्या मारुतीला निघतो तेव्हा नवरदेवाला मिरवूनच नेतात. पालखी मिरवते, गणपती मिरवत नेतात, 'मिरवणूक' त्यातूनच आली. यात मिरवणारा एक आणि मिरवून आणणारे दहा. शब्द टोचतो तो हे दहा जण नसताना एकटाच मिरवायला लागला म्हणजे. सेल्फीत तेच होतं. वाजवणारा नाही, पुढं नाचणारा नाही, हात लांब केला की निघाली मिरवणूक. तुमच्या आईंनी शब्द बरोबर वापरला, जरा कडक वापरला एवढंच.

अंबाजोगाई

लातूरकर दादा, पटलं. पण 'काढणे' आणि 'ठेवणे' यांची तुम्ही एकच मोट बांधली. पोरगी सेल्फी काढते तेव्हा तिच्या मनात एक चालू असतं आणि ठेवते तेव्हा दुसरंच.

काढण्याची हौस जुनी आहे. फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियस नावाच्या माणसानं १८३९ मध्ये कॅमेऱ्यापुढं बसून स्वतःचा फोटो घेतला होता, म्हणजे फोटोची कला नुकती जन्मली तेव्हाच. नवं आहे ते आधी स्वतःला बघून मग बटन दाबणं. पुढचा कॅमेरा पडद्यावर आपल्याला आरशासारखं दाखवतो. आपण जन्मभर स्वतःला आरशात, म्हणजे उलटं बघितलेलं असतं आणि जे वारंवार दिसतं ते माणसाला आवडायला लागतं, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये प्रयोगांतून मांडलं. १९७७ मध्ये अमेरिकेत दुसऱ्या संशोधकांनी तरुणींना त्यांच्याच फोटोच्या दोन प्रती दाखवल्या, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखी. तरुणींचा कल आरशातल्या प्रतीकडं, त्यांच्या मैत्रिणींचा सरळ प्रतीकडं. म्हणून दुसऱ्यानं काढलेला फोटो बघून "मी अशी दिसत नाही" म्हणणाऱ्या पोरी नखरे करत नसतात, त्यांना खरंच तसं वाटतं. सेल्फीत निवड आपल्या हातात असते, दहा काढून नऊ पुसता येतात. हे सगळं होईपर्यंत बघणारं कुणीच नाही, मग मिरवणं तरी कसं म्हणायचं?

मिरवणं असलंच तर ते ठेवण्यात. तिथंही बोलण्यातला फरक बघा. फेसबुकवर, इन्स्टावर 'टाकतात', स्टेटसला 'ठेवतात'. स्टेटस चोवीस तासांत जातं आणि कुणी कुणी पाहिलं त्याची यादी मात्र मिळते. ही यादी उघडून बघणं ही खरी गंमत. चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञानं १९०२ मध्येच लिहिलं होतं की माणूस स्वतःला दुसऱ्यांच्या नजरेच्या आरशात बघतो. त्यांना आपण कसे दिसत असू, त्यांचं मत काय झालं असेल, याचा अंदाज बांधतो आणि त्यावरून सुखावतो नाहीतर खट्टू होतो. आता अंदाजाची गरज उरली नाही, नावानिशी यादीच येते. आत्याबाईंनी पाहिलं आणि बोलल्या नाहीत, हेही कळतं. त्याचा त्रास वेगळा.

आणि भाचीचं म्हणणं खोटं नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधल्या २३८ लोकांचा एक अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. त्यातले ७७ टक्के लोक महिन्यातून एकदा तरी सेल्फी काढत होते, आणि ८२ टक्के म्हणाले की सेल्फीपेक्षा दुसरे फोटो बघायला आवडतील! मग या सेल्फी काढायच्या कुणासाठी? त्याहून मजा म्हणजे स्वतःची सेल्फी त्यांना सहज, थोडी गमतीत काढलेली वाटत होती आणि दुसऱ्याची मात्र दिखाऊ. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं तर मी ठेवली ती आठवण, शेजारणीनं ठेवली ते मिरवणं. आजी-नातीचं भांडण कोशातून सुटायचं नाही, कारण दोघी एकाच फोटोकडं दोन बाजूंनी बघायल्या आहेत.

उदगीर

माझा फोटो स्टुडिओ आहे, म्हणून धंद्यातलं सांगतो. पूर्वी गिऱ्हाईक 'फोटो काढून घ्यायला' यायचं. त्या 'काढून घेणे' मध्ये दुसरा माणूस गृहीतच होता. सेल्फीनं तो दुसरा माणूस वाक्यातूनच काढून टाकला, म्हणजे मलाच.

आता पोरं पासपोर्ट फोटोला येतात आणि म्हणतात, "काका, नाक बारीक करा." नाकाला काही झालेलं नसतं, ती हाताच्या अंतराची करामत. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये गणित करून दाखवलं की १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी सुमारे ३० टक्के जास्त दिसते आणि ५ फुटांवर तो फरक जवळजवळ राहत नाही. पण पोरांना सांगून पटत नाही, फोनमध्ये रोज तेच नाक बघतात.

नांदेड

आमच्याकडं सरळ 'याड' म्हणतात. "सेल्फीचं याड लागलंय." मला हाच शब्द बरा वाटतो, कारण तो रोगाचं नाव नाही. 'सेल्फायटिस' नावाचा मानसिक आजार अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं जाहीर केला, अशी बातमी २०१४ मध्ये फिरली होती. ती थट्टेची बातमी होती, खरी नव्हती. पण नंतर दोन संशोधकांनी तो शब्द उचलून भारतातल्या विद्यार्थ्यांवर अभ्यास केला आणि २०१७ मध्ये मोजपट्टी तयार केली. तीत सेल्फी काढण्याची कारणं म्हणून लक्ष वेधणं आणि चढाओढ आहे, तसं मन हलकं करणं आणि आपल्या गटात सामावून जाणं हेही आहे. ही शेवटची दोन कारणं 'मिरवणे' या शब्दात मावत नाहीत. पोरगी उदास असताना काढते तो फोटो कुठं मिरवायचा असतो?

गंगाखेड

इतका वेळ वाचत होते. एक विचारू का? गावात दर चौकात वाढदिवसाचे बॅनर, त्यावर गॉगल लावलेला हा एवढा चेहरा. त्याला कुणी मिरवणं म्हणत नाही. "बॅनर लागला" म्हणतात, जणू तो आपोआप लागतो. पोरीनं बोटाएवढा फोटो ठेवला की ती मात्र मिरवती. लातूरकर, तुमच्या व्याख्येत हे बॅनर कुठं बसवता?

लातूर

ताई, पुढाऱ्यासाठी 'चमकोगिरी' आहे, पण तोंडावर कुणी म्हणत नाही हे खरं. व्याख्येचं म्हणाल तर बॅनरखाली दहा जणांची नावं असतात आणि शेवटी 'समस्त मित्रपरिवार'. म्हणजे मिरवून आणणारे दहा झाले. पैसे बहुतेक ज्याचा चेहरा त्याचेच.

गंगाखेड

मग भाचीला सांगा, खाली दहा मैत्रिणींची नावं टाकून ठेव.