गलाईचा धंदा आणि घरची माणसं

"परमुलखात धंदा उभा राहतो तो भांडवलावर, भाऊबंद मध्ये आले की बुडतो," असं काहीजण म्हणतात. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करणारे, बघता मला ते पटत नाही. पर्जन्यछायेचा मुलूख, शेती बेभरवशाची, म्हणून विटा परिसरातली माणसं पार तमिळनाडू, केरळपर्यंत गेली. भांडवल कुठलं असणार?

गलाईत जुनं सोनं मुशीत वितळवून त्यात चांदी मिसळतात आणि नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये उकळतात. चांदी-तांबं विरघळतं, सोनं तळाशी राहतं. मग त्या पाण्यात तांब्याची पट्टी टाकून चांदीही परत काढतात. यात प्रत्येक टप्प्यावर माल दुसऱ्याचा. गुंजभर घट आली तरी सराफ पुन्हा विश्वास टाकत नाही. म्हणून भट्टीवर भाऊ, पुतण्या, मेव्हणा असा घरचाच माणूस लागतो, आणि नव्या पोराला भाषा, बाजार, काम सगळं चुलत्याकडेच शिकायला मिळतं.

मात्र नुसत्या मायेवर एकी टिकत नाही. गावाकडे जमीन आणि म्हातारे आईबाप सांभाळणाऱ्या भावाचा वाटा धरला, जत्रेला सगळे जमल्यावर हिशेब उघडा मांडला, तर पुढची पिढीही एकत्र राहते. आणि परक्या गावात, भट्टीशेजारच्या खोलीत संसार करणाऱ्या जावांचं काय? त्यांच्या कष्टाचा वाटा कुठल्याच वहीत लिहिलेला नसतो. तो लिहायला हवा, असं मला मनापासून वाटतं.